सायकलवालीचं गाणं

"वहिनी, माहेर कुठलं हो तुमचं?" जयवंत उपासनींनी विचारलं, आणि भाकरीचा तुकडा मोडता मोडता माझा हात थांबला.

चोपड्याच्या आमच्या घरात मधल्या खोलीत आम्ही दोघं पाटांवर जेवायला बसलो होतो. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर कच्च्या तेलाची धार. माझी बायको हेमलता वाढत होती. उपासनी म्हणजे तेच उपासनी, स्वतः गाणी लिहिणारे, स्वतःच चाल लावणारे आणि स्वतःच गाणारे. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, आमच्या गावच्या वाचनालयात त्यांचा कार्यक्रम होता. आदल्या संध्याकाळचं जेवण माझ्याकडे होतं. वाचनालयाचे चिटणीस वाणी सर त्यांना स्वतःच्या घरी नेणार होते, पण मी हट्टानं मागून घेतलं.

ते दारात उभे राहिले तेव्हापासून मी दोघांच्या चेहऱ्यांवर डोळा ठेवून होतो. ते "नमस्कार वहिनी" म्हणाले, चपला काढून आत आले. हेमलतानं पाण्याचा तांब्या पुढे केला. कुणाची पापणीसुद्धा हलली नाही. मी मनात म्हटलं, वा रे वा, काय नाटक आहे! दोघंही पक्के. आणि आता तर साहेब तिलाच तिचं माहेर विचारत होते.

"धुळं," हेमलता म्हणाली.

हे मला इतकं का झोंबलं ते सांगायचं तर गाण्यापासून सुरुवात करायला हवी.

लग्नाआधी मी एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काम शिकत होतो. एका दुपारी कुणाचातरी जुना रेडिओ उघडून बसलो होतो. तो काही केल्या बोलत नव्हता. शेवटची तार डाखून जोडली, बटण फिरवलं, आणि त्या रेडिओतून पहिल्यांदा जे बाहेर आलं ते हे गाणं:

पाराशी लावून सायकल गेली,
ऊन बसलं सीटवरती;
मी सावलीला उभा राहिलो,
सांज झाली माझ्यापुरती.

तापलेली डाखणी हातात तशीच राहिली. टेबलाच्या लाकडाला चटका बसून धूर निघाला तेव्हा मालक ओरडले.

तोपर्यंत मी जी प्रेमाची गाणी ऐकली होती त्यांत चंद्र असायचा, डोळे असायचे, प्राण कंठाशी आलेले असायचे. या गाण्यात प्रेम हा शब्द नव्हता. त्या मुलीचं नाव नव्हतं, रूप नव्हतं. ती कुठे गेली, परत आली का, तेही नाही. नुसती एक उभी सायकल आणि तिच्या सीटवर बसलेलं ऊन. आणि गाणाऱ्याचा आवाज तरी कसा, शेजारच्या ओट्यावर बसून कुणी आपल्याशी बोलावं तसा. मेंडोलिन मांडीवर घेऊन ते गायचे. "सांज झाली" म्हणून थांबायचे. इतके थांबायचे की वाटावं, संपलं, आता पुढे काही नाही. मग मेंडोलिनची एकच तार छेडून, जणू कुणी ऐकू नये अशा बेतानं म्हणायचे, "माझ्यापुरती." तिथं माझ्या पोटात खड्डा पडायचा. एकोणीस-वीस वर्षांचा होतो, मला कुणी मुलगी सोडून गेली नव्हती; जाणार कुठून, आलीच नव्हती. तरी ते गाणं ऐकून मी आठवडाभर उदास होतो आणि त्या उदासीत मोठा आनंद होता.

त्यानंतर उपासनींचं मिळेल ते गाणं मी ऐकलं. धुण्याच्या दोरीवरच्या एकाच सदऱ्यावर त्यांचं एक गाणं आहे. निवृत्त झालेल्या कंपाउंडरवर एक आहे. जाणकार म्हणायचे ही कविता नव्हे, गवई म्हणायचे हे गाणं नव्हे. मी म्हणायचो, नसेना का. माझ्यासाठी तो माणूस देव होता.

मग माझं लग्न ठरलं. मुलगी धुळ्याची, हेमलता नारखेडे. बी.ए. झालेली, उंच, शांत. लग्नाच्या मांडवात हार घालून आम्ही उभे असताना तिची कॉलेजातली मैत्रीण कमल पुढे आली आणि सगळ्यांदेखत मला म्हणाली, "भाऊजी, जपून न्या हं. नुसती मुलगी नेत नाही आहात, अख्खं गाणं नेताय."

"कुठलं गाणं?"

"सांगितलं नाही होय तुम्हाला? आमच्या कॉलेजात सायकलवर येणारी मुलगी एकच होती. आणि उपासनी आमच्याच कॉलेजात होते. आता समजा काय ते!"

आजूबाजूच्या पोरी खिदळल्या. हेमलतानं मान खाली घातली. नवरी मान खाली घालतेच, पण मला त्यातही काहीतरी दिसलं.

पहिल्या आठवड्यात धीर करून मी तिला विचारलं, "ती कमल म्हणत होती, ते खरं का?"

ती घड्या घालत होती. हातातली घडी पूर्ण केली आणि म्हणाली, "लोक म्हणतात."

धड "हो" नाही, की "नाही" नाही. लोक म्हणतात! या दोन शब्दांनी मला वीसेक वर्षं कुरतडलं. मी एकदा विचारलं ते विचारलं, पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही. कारण "नाही" म्हणाली असती तर माझा विश्वास बसला नसता, आणि "हो" म्हणाली असती तर काय केलं असतं, मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या कुणाचा मत्सर वाटला असता तर सोपं होतं. माणूस त्याला शिव्या देतो, मोकळा होतो. इथं ज्याच्या गाण्यावर मी जीव ओवाळून टाकला होता त्याचाच मत्सर. त्यातून पुढे मी कॅसेटचं दुकान टाकलं. म्हणजे रोज कुणीतरी येणार आणि म्हणणार, "भारंबे, ते सायकलवालीचं लावा हो जरा." मी लावायचो. दुकानाच्या कर्ण्यातून ते साऱ्या बाजारपेठेला ऐकू जायचं, आणि बाजारपेठेच्या मागच्याच गल्लीत माझं घर होतं. मग मी हिशेब करायचो, आता ती काय करत असेल? भाकरी थापत असेल, तर हात थांबला असेल का? एकदा मी रिकाम्या कॅसेटवर उपासनींची गाणी भरून देताना हे एवढं गाळून टाकलं. गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी भांडायला हजर. "मुंडकं कापून नवरदेव दिला तुम्ही आम्हाला," म्हणाला.

हेमलता बालवाडीत शिकवायला जायची. बालवाडी लांब, म्हणून एकदा ती म्हणाली, "एखादी जुनी सायकल बघता का?" मी म्हटलं, "रस्ते खराब आहेत." आणि महिनाभरानं तिला शिवणयंत्र आणून दिलं. शिवणयंत्राकडे तिनं असं बघितलं, की मला कळलं, तिला सगळं कळलंय.

इकडे उपासनी मुंबईला गेले, मोठे झाले आणि मग हळूहळू बाजूला पडले. ऑर्केस्ट्रांचे दिवस आले. मांडीवर मेंडोलिन घेऊन बोलल्यासारखं गाणाऱ्या माणसाला कोण बोलावणार? मध्ये त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं, आवाज अर्धा गेला. तेव्हा मी चोरून सुखावलो आणि त्याच रात्री त्यांची जुनी रेकॉर्ड लावून माझ्या डोळ्यांत पाणीही आलं. दोन्ही खरं होतं. मग ते गावोगावच्या लहान कार्यक्रमांना जायला लागले, आणि वाणी सरांनी त्यांना आमच्या वाचनालयात बोलावलं. प्रास्ताविक कोण करणार? भारंबेंशिवाय दुसरं कोण! गावात त्यांचा सगळ्यात मोठा भक्त मीच होतो.

तर असे ते माझ्या घरी पाटावर बसले होते आणि माझी बायको म्हणाली होती, "धुळं."

"अरे वा!" उपासनींचा चेहरा खुलला. आवाज घोगरा झाला होता, पण लकब तीच. "म्हणजे आपण गाववाले. मी धुळ्यालाच कॉलेजला होतो. तुम्ही?"

"मीही तिथंच," हेमलता म्हणाली. तिच्या हातात भरिताचं पातेलं होतं.

"कुठल्या साली?"

तिनं साल सांगितलं. उपासनींनी डोळे बारीक करून छताकडे बघितलं. मी त्यांच्या तोंडाकडे टक लावून होतो. माणसं खोटं बोलतात तेव्हा त्यांच्या आवाजात काहीतरी खरखरतं, आणि खरखर ओळखणं हा माझा धंदाच होता. पण इथं काही खरखरलं नाही. त्या माणसानं अगदी मनापासून आठवून पाहिलं, आणि त्याला काही सापडलं नाही.

"मी तेव्हा शेवटच्या वर्षाला. वर्गात कमी आणि बाहेरच जास्त," ते हसले. "मग आपली गाठ काही पडली नसणार."

"नसेल पडली," हेमलता म्हणाली. "भरीत घ्या ना अजून."

"घेतो. असं भरीत मुंबईत कुठलं मिळायला!"

आणि ते जेवू लागले. मीही जेवलो असेन. भाकरीची चव काही लागली नाही.

ते वाणी सरांबरोबर मुक्कामाला गेल्यावर मी आत गेलो. हेमलता मोरीपाशी पाठमोरी बसून भांडी घासत होती. तवा घासायला तिला इतका वेळ कधी लागत नसे.

"झालं का समाधान?" ती न वळता म्हणाली.

"कसलं?"

"इतकी वर्षं डोक्यात घेऊन बसला होतात. झालं का एकदाचं?"

मला वाटलं होतं, असं काही घडलं तर मी गल्लीत पेढे वाटीन. छातीवरचा धोंडा उतरला होता, पण तो उतरून नेमका तिच्या पाठीवर बसलेला मला दिसत होता.

"मग तू तेव्हाच 'नाही' असं का सांगितलं नाहीस?"

तिनं तवा खाली ठेवला. "मला तरी कुठं माहीत होतं? मी त्यांच्याशी कधी एक शब्द बोलले नाही. पण कमल म्हणायची, सगळ्या म्हणायच्या. गाणं लागलं की मला वाटायचं, असेल बाई. कधीतरी उभे असतील पाराजवळ, माझंच लक्ष नसेल. आपल्याकडे कुणी असं बघत होतं आणि आपल्याला कळलंही नाही, असं वाटून बरं वाटायचं." तिनं तव्यावर पाणी ओतलं. "तुम्ही जळायचात ना, तेव्हा तर खात्रीच वाटायची."

ती उठली, पदरानं हात पुसले आणि निजायला गेली. त्या रात्री मला पहिल्यांदा उपासनींचा खराखुरा राग आला. आधीचा राग, त्यांनी तिच्याकडे बघितलं म्हणून होता. आता वाटत होतं, हा माणूस दिवसाढवळ्या त्या कॉलेजात वावरत होता, सायकलवर येणारी एकुलती एक मुलगी त्याच्या डोळ्यांसमोरून जात होती, आणि या गाढवानं बघितलं नाही!

सकाळी थर्मासमध्ये चहा भरून मी कार्यक्रमाच्या तासभर आधी वाचनालयात गेलो. सभागृहामागच्या लहान खोलीत, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांमध्ये उपासनी एकटेच बसून मेंडोलिन लावत होते.

"या भारंबे. देवासारखे आलात." त्यांनी चहा घेतला.

मी दार लोटून घेतलं. "एक विचारू? राग येणार नाही ना?"

"गाण्याबद्दल असेल तर नाही येणार."

"ती सायकलवाली कोण होती?"

ते हसले. "प्रत्येक गावात हे विचारतात. मी म्हणतो, माझं गुपित आहे. पण तुमचं मीठ खाल्लंय, तुम्हाला खरं सांगतो. बाई नव्हतीच. पोस्टमन होता."

"पोस्टमन?"

"रेडिओवर आवाजाची चाचणी देऊन आलो होतो. बोलावणं येईल म्हणून रोज वाट बघायचो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पार होता, तिथं तो पोस्टमन सायकल लावायचा आणि घरोघर जायचा. आमच्या घराकडे काही वळायचा नाही. मी आपला उभा. तर आधी ओळ होती, 'पाराशी लावून सायकल गेला.' म्हटलं, पोस्टमनचं गाणं कोण ऐकणार? एक काना काढला आणि वेलांटी दिली. गेलाची गेली झाली. तेवढ्यावर पुढं सगळं आयुष्य चाललं बघा." आणि त्यांनी खालच्या आवाजात शेवटचं कडवं गुणगुणलं:

घंटी वाजली कुणाचीही
हात जातो कडीकडे;
दार उघडून बघतो तर
ऊन नुसतं चोहीकडे.

"आता ऐका. पोस्टमनच आहे की नाही?"

होता. नखशिखांत पोस्टमन होता. खाकी कपड्यातला, खांद्याला पिशवी लावलेला. मी इतकी वर्षं एका पोस्टमनवर जळत होतो. मला हसू यायला हवं होतं. पण मोरीपाशी बसलेली हेमलता डोळ्यांसमोरून हलेना.

"उपासनी साहेब," मी म्हणालो, "आज स्टेजवर हे सांगू नका."

"छे, सांगत नाहीच मी कधी."

"नुसतं तेवढं नाही. आज एक खोटं बोला. माझ्यासाठी." मग मी त्यांना सगळं सांगून टाकलं. कमल, लोक म्हणतात, शिवणयंत्र, काल रात्रीचा तवा. ते ऐकत होते. मेंडोलिन त्यांनी बाजूला ठेवलं होतं.

"त्या कालच्या वहिनी?" ते हळू आवाजात म्हणाले. "अरेरे. आणि मी म्हणालो, गाठ पडली नसणार."

"हो."

"पण काय सांगू मी? नुसतं एक मुलगी होती आणि सायकल होती, याला काही अर्थ नाही. लोकांना कळतं. काहीतरी धरायला पाहिजे. सांगा मला तिच्याबद्दल."

"काय सांगू?"

"काहीही. तुम्ही बघता ना तिला?"

मी सुरुवात केली. म्हटलं, ती उंच आहे, म्हणून दारातून जाताना मान जराशी तिरकी करते, आणि दार मोठं असलं तरी करते. बालवाडीतल्या पोरांशी बोलून आली की घरीसुद्धा थोडा वेळ त्यांच्याच सुरात बोलते, आणि लक्षात आलं की एकदम गप्प होते. हसू आलं तर आधी खालचा ओठ दाबून धरते, जसं काही हसण्याचे पैसे पडतात. गाणं ऐकताना इतर बायका मान डोलवतात, ही नाही. ही नाकातली चमकी दोन बोटांत धरून हळूहळू फिरवते, आणि गाणं फार आवडलं तर फिरवायची थांबते. दुपारी झोपत नाही, पण झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण घालायला तिला आवडतं. रागावली की घर झाडायला काढते, आणि माझ्या बाजूचा केर तसाच ठेवते. मी बोलतच सुटलो. इतकं माझ्यापाशी साठलेलं होतं हे मलाच ठाऊक नव्हतं. चोरावर पाळत ठेवावी तशी मी या बाईवर पाळत ठेवली होती, आणि पाळत ठेवता ठेवता ती मला तोंडपाठ झाली होती.

थांबलो तेव्हा चहा निवला होता.

"भारंबे," उपासनी म्हणाले, "तुम्हाला गाणी लिहिता येत नाहीत हे माझं नशीब."

कार्यक्रम सुरू झाला. प्रास्ताविकात मी काय बोललो ते आठवत नाही; वाणी सर म्हणाले, आटोपशीर झालं. मग मी बाजूला माझ्या टेपरेकॉर्डरपाशी जाऊन उभा राहिलो. हेमलता बायकांमध्ये तिसऱ्या रांगेत बसली होती. यायला नको म्हणत होती, वाणी सरांच्या मंडळींनी ओढून आणली.

उपासनींचा आवाज खरंच गेला होता. वरचे सूर लागत नव्हते. तिथं ते गायचं सोडून नुसतं बोलायचे, आणि गंमत म्हणजे ती गाणी बोलूनही तशीच राहायची. दोरीवरच्या सदऱ्याचं झालं, कंपाउंडरचं झालं. मग मागून कुणीतरी ओरडलं, "सायकलवालीचं!" टाळ्या पडल्या.

उपासनींनी मेंडोलिनवर हात ठेवला.

"हे गाणं कुणाचं, असं सगळीकडे विचारतात," ते म्हणाले. "मी आजवर सांगितलं नाही. आज खानदेशात आहे म्हणून सांगतो. धुळ्याला आमच्या कॉलेजात एक मुलगी सायकलवर यायची. उंच होती. फाटकातून आत येताना मान अशी जराशी तिरकी करायची. फाटक चांगलं हत्ती जाईल एवढं होतं, तरी करायची."

सभागृह हसलं. हेमलतानं चमकून वर बघितलं.

"आम्ही पोरं गॅदरिंगला गायचो. बाकी सगळ्या माना डोलवायच्या. ही डोलवायची नाही. नाकातली चमकी दोन बोटांत धरून फिरवत बसायची. एक दिवस मी गात होतो, आणि तिची बोटं थांबली. बस, एवढंच. मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही. तिला माझं नावही माहीत नसेल. नंतर तिची सायकल पाराशी उभी दिसली की मी सावलीला उभा राहायचो. ती कुठं आहे, मला माहीत आहे. सुखात आहे. नाव मी घेणार नाही."

आणि त्यांनी तार छेडली.

लग्नाच्या वऱ्हाडानं गावभर केलेला कमलचा किस्सा कुणाला ठाऊक नव्हता? सगळ्या माना हेमलताकडे वळल्या. तिचा हात नाकाशी गेला होता आणि तिथंच थांबला होता. चेहरा असा झाला होता की काय सांगू. चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांची बाई, कानापाशी केस पांढरे, पण समोर बसली होती ती कॉलेजातली पोरगी. मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. माझ्यामुळे तिचा चेहरा तसा कधी झाला नव्हता.

आणि मग मला जे झालं ते आयुष्यात तोवर झालं नव्हतं. आधीचा सगळा मत्सर त्यापुढे पोरखेळ होता. वाक्यं माझी होती. तिरकी मान माझी होती, चमकी माझी होती. सगळं मीच त्या माणसाच्या ओंजळीत घातलं होतं, आणि तो ते तिला देत होता, आणि ती ते त्याच्याकडून घेत होती. तो इतकं सुरेख खोटं बोलला की क्षणभर मलाही वाटलं, खरंच उभा असेल हा तिथं. मला वाटलं, टेपरेकॉर्डर उचलून स्टेजवर फेकावा आणि ओरडावं, पोस्टमन होता, पोस्टमन!

"सांज झाली," उपासनी म्हणाले आणि थांबले. माझ्या पोटात खड्डा पडला. मला जाळायला निघालेलं तेच गाणं, आणि तरी पडला. मग त्यांचा फाटका आवाज आला, "माझ्यापुरती."

कार्यक्रमानंतर ते मोटारीत बसताना माझा हात दाबून म्हणाले, "बरं झालं का?" मी मान हलवली. ती आमची शेवटची भेट. दोन-तीन वर्षांनी ते गेले.

आम्ही दोघं चालत निघालो. ऊन चढलं होतं. वाटेत बायका थांबवत होत्या, हसत होत्या, एकीनं तर तिचा गालगुच्चा घेतला. हेमलता सगळ्यांशी नीट बोलली. माझ्याशी एक अक्षर नाही. मी दोन पावलं मागून धुमसत चाललो होतो.

रसवंतीपाशी ती थांबली. "रस घेऊ या," म्हणाली, आणि आत बाकावर जाऊन बसली. रस आला. मग म्हणाली, "मी नाक कधी टोचलं, आठवतं का तुम्हाला?"

मी ग्लास उचलला.

"आपल्या सुनीलच्या वेळेला दिवस गेले तेव्हा. तुमच्या आई मागे लागल्या म्हणून. गोंधळेकर सोनारांकडे तुम्हीच घेऊन गेला होतात. कॉलेजात माझं नाक कोरं होतं."

ग्लास माझ्या हातात तसाच राहिला. "मग तुझा चेहरा..."

"माझ्या चेहऱ्याला काय झालं?"

"तू त्याच्याकडे बघून अशी..."

"त्यांच्याकडे?" ती म्हणाली. "पहिल्याच वाक्याला मला कळलं होतं. मान तिरकी करायची सवय आपल्या इथल्या दारानं लावली. नवी होते तेव्हा दोनदा कपाळ आपटलं होतं. मी बघत होते ते स्टेजकडे, पण ऐकत होते तुम्हाला."

मी म्हणालो, "गाणं पोस्टमनवर आहे."

"काय?"

"पोस्टमनवर. सायकल पोस्टमनची होती."

तिनं खालचा ओठ दाबून धरायचा प्रयत्न केला, पण साधला नाही. ती इतकी हसली की रस साडीवर सांडला आणि रसवंतीवाला चरक थांबवून बघायला लागला. हसता हसता डोळे पुसले, नाक पुसलं. मग शांत झाली.

"आत किती वेळ होतात त्यांच्यापाशी?"

"असेन अर्धा तास."

"ते तर दोनच मिनिटं बोलले."

"हो."

"मग बाकीचं?"

"बाकीचं काय... असंच आपलं."

"सांगा ना."

परक्या माणसापुढे धो धो बोललो होतो. आता मी ग्लासातल्या फेसाकडे बघत म्हटलं, "म्हणजे, तू ती बालवाडीतून येतेस ना, तेव्हा..."

"तिकडे नाही," ती म्हणाली. "इकडे बघून."

मी वर बघितलं, आणि सांगायला लागलो.